एक जास्तीचा आर

नांदेड स्टेशनावर नरसिंग सोनकांबळे नावाचा हमाल होता. मूळचा लोह्याकडचा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि त्यानंतर गावात त्याचं मन रमेना. बायको, म्हातारी आई आणि पाच वर्षांची पोर यांना घेऊन तो नांदेडला आला, दंडाला पितळी बिल्ला बांधला आणि स्टेशनामागच्या वस्तीत पत्र्याची खोली केली. पोरीला तोवर सगळे आजीच्या नावावरून नागू म्हणत. शाळेत घालताना गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा नरसिंग ताठ उभा राहून म्हणाला, "पंचशीला ल्ह्या." घरी आल्यावर आजीनं ते नाव चार वेळा म्हणून बघितलं. तिला काही ते जमलं नाही, आणि घरात नागू ती नागूच राहिली.

पंचशीला मॅट्रिक झाली तेव्हा नरसिंगनं ओळखीच्या एका पार्सल क्लार्कला विचारलं, पोरीला पुढं काय शिकवू? क्लार्क म्हणाला, टायपिंग शिकव, सावलीत बसून काम असतं. उन्हात ओझी उचलून आयुष्य चाललेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

वजिराबादेत एका दुकानावरच्या माडीवर गुरुपादप्पांचा टायपिंगचा क्लास होता. सहा मशीनं, त्यांतलं एक कायम दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. गुरुपादप्पा मूळचे उदगीरकडचे, कपाळाला भस्म, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. निजामाच्या काळात त्यांनी उर्दू कचेरीत नकलनवीस म्हणून नोकरी केलेली. राज्य गेलं, भाषा गेली, तेव्हा तिशी उलटल्यावर बसून इंग्रजी टायपिंग शिकले आणि मग दुसऱ्यांना शिकवू लागले. पंचशीलेला त्यांनी सकाळची पहिली बॅच दिली. आई आजारी पडली तेव्हा ती तीन आठवडे गेली नाही. परत गेली तर तिच्या मशीनवर कापड तसंच घातलेलं होतं.

"दुसऱ्याला दिलं न्हाई का, सर?"

"तुझं होतं. तू येणार व्हतीस ना?" एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले.

गुरुपादप्पांचा एकच नियम होता आणि तो ते रोज सांगत. "टायपिस्टनं अर्थात शिरायचं न्हाई. समोर जे हाय ते उतरवायचं. कागदावर माशी बसली असंल तर माशीसकट." पंचशीलेनं तो नियम चारेक वर्षं पाळला. एकदाच मोडला. त्या एकदाची ही गोष्ट.

बहात्तर साली मराठवाड्यात पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. आदलं सालही कोरडंच गेलेलं. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले, आणि माणसं घराला कडी घालून खडी फोडायला आणि तलाव खणायला निघाली. ठिकठिकाणी दुष्काळी कामं निघाली. कामं निघाली म्हणून कागद वाढले, आणि कागद वाढले म्हणून टायपिस्ट लागले. जानेवारी त्र्याहत्तरमध्ये पंचशीलेला सावळबोरी नावाच्या गावी तात्पुरती नेमणूक मिळाली. कंधारच्या पलीकडं, माळावर. तिथं बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात दुष्काळी कामाची कचेरी थाटलेली. चार टेबलं, एक कपाट, आणि साहेब जीपमधून उतरले की उडणारी धूळ. टायपिंगचं मशीन साहेबांनी कुठून तरी मिळवलेलं, लहानसं, कडीच्या पेटीत बसणारं. पेटीच्या झाकणावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, पोर्टेबल. पंचशीला रोज सकाळी ती पेटी उघडायची आणि संध्याकाळी बंद करायची. तो शब्द तिला पाठ झाला.

कचेरीत तिच्यासमोर अमृतराव बसत. अव्वल कारकून, पन्नाशीचे, डोक्यावर काळी टोपी, सुपारीचा डबा कायम उजव्या हाताशी. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, मराठी मोत्यासारखी. इंग्रजी मात्र अंदाजानं चालायची. वरून इंग्रजी कागद आला की पंचशीला त्याच्या स्वच्छ प्रती काढायची, आणि त्या वाचून भाऊसाहेब गावोगावच्या मुकादमांसाठी मराठी हुकूम लिहायचे.

सावळबोरीपासून दीड कोसावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. चारशे माणूस. जवळच्या पडीक रानात एक जुनी विहीर होती आणि नवल म्हणजे तिला पाणी होतं. कामावरची माणसं तेच पीत. साहेबांच्या मनात आलं, एवढं पाणी आहे तर आजूबाजूच्या गावांना टँकरही इथूनच भरावेत. त्याआधी तपासून घ्यावं म्हणून बाटलीत नमुना भरून प्रयोगशाळेला पाठवला.

फेब्रुवारीच्या शेवटी अहवाल आला. कार्बनची तिसरी-चौथी प्रत असावी, जांभळी, पुसट, आकड्यांनी भरलेली. खाली शेऱ्याच्या जागी दोनच शब्द. नॉट पोटेबल.

पंचशीलेनं तीन प्रतींचे कागद मशीनवर चढवले आणि आकडे उतरवत खाली आली. त्या शब्दापाशी तिची बोटं थांबली. पोटेबल असा शब्द तिनं कधी पाहिला नव्हता. तिची नजर पेटीच्या झाकणावर गेली. सोनेरी अक्षरं समोरच होती. तिला हसू आलं. प्रयोगशाळेतला टायपिस्ट घाईत असणार, मधला आर खाल्लाय बिचाऱ्यानं. आपल्याला इंग्रजी समजतं, दुसऱ्याची चूक दिसते, ह्याचं तिला त्या दिवशी थोडं बरंही वाटलं. तिनं आर घातला. नॉट पोर्टेबल.

भाऊसाहेबांनी प्रत हातात घेतली. त्यांनीही ती पेटी रोजच बघितलेली.

"पोर्टेबल म्हंजे उचलून न्यायजोगं, न्हाई का बाई?"

"हाव, भाऊसाहेब."

"म्हंजे ह्या विहिरीचं पाणी उचलून न्यायचं न्हाई. बरोबरच हाय की. चारशे माणूस तिथं उन्हात राबून राहिलंय, त्यांच्या तोंडचं पाणी टँकरनं कामून न्यायचं?" त्यांना तो शेरा मनापासून पटला. सुपारी तोंडात टाकून त्यांनी वळणदार अक्षरात हुकूम लिहिला. सदर विहिरीचे पाणी अन्यत्र नेण्यास योग्य नाही, सबब टँकर भरू नयेत, मजुरांनी पाणी जागेवरच प्यावे. साहेब दौऱ्यावर निघण्याच्या गडबडीत होते, त्यांनी उभ्या उभ्या दस्तखत केली. दोन दिवसांनी मुकादमानं पत्र्यावर चुन्यानं लिहून विहिरीशी पाटी लावली, पाणी नेऊ नये, इथेच प्यावे.

दुष्काळात असा हुकूम कुणाला खटकणार? लोकांना तर सरकार पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागलंय असं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी कामावरची माणसं आजारी पडायला लागली. आधी दोघं, मग सात. उलट्या, जुलाब, अंगातलं त्राण गेलेलं. रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकर बाधली असेल असं लोक म्हणाले. कुणी उन्हाला दोष दिला. एकोणीस जण झाले तेव्हा आरोग्य केंद्रातली नर्स शरणम्मा बैलगाडी करून कामावर आली. देगलूरकडची बाई, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. कामाजवळच्या चटयांच्या खोपटांत तिनं तीन जणींना सलाईन लावलं आणि तशीच गाडीतून कचेरीत येऊन दारात उभी राहिली.

"कोण हाय इथं? त्या विहिरीचा रिपोर्ट आला का न्हाई?"

भाऊसाहेब कंधारला गेले होते, साहेब दौऱ्यावर. पंचशीला एकटीच होती. तिनं आपली स्वच्छ प्रत काढून दिली.

शरणम्मानं आकड्यांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा बदलला. "अय्यो, एवढी घाण! आन् खाली हे काय लिवलंय? पोर्टेबल? पाण्याला कोण पोर्टेबल म्हणतंय? मूळ कागद दाव."

पंचशीलेनं विहिरीच्या कागदांच्या मिसलीतून जांभळा कागद काढला. शरणम्मानं तो उजेडाकडं धरला.

"हे बघ. पोटेबल. आर न्हाई. आमाला ट्रेनिंगमधे पयल्याच महिन्यात शिकवलाय हा शब्द. पोटेबल म्हंजे पिण्याजोगं. नॉट पोटेबल म्हंजे प्यायचं न्हाई."

पंचशीलेनं दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरं ताडून बघितली.

"तुला कळंना का, अव्वा? पोर्टर असतो ना स्टेशनवर, तो वाहून नेतो ते पोर्टेबल. आन् पोटात घालता येतं ते पोटेबल. पोट ध्यानात ठेव, म्हंजे चुकणार न्हाईस. पर हे आर घातलं कुणी?"

पोर्टर म्हणजे तिचाच बाप. लहानपणापासून बिल्ल्यावर तिनं तो शब्द वाचलेला होता. पेटीवरचा शब्द आणि बिल्ल्यावरचा शब्द एकाच घरचे आहेत हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मी घातला," ती म्हणाली. "मला वाटलं, त्येंचं चुकलं."

शरणम्मानं जांभळा कागद परत तिच्या हातात दिला. ओरडेल असं पंचशीलेला वाटलं. शरणम्मा म्हणाली, "चप्पल घाल. गाडी उभी हाय."

दीड कोस. मार्चचं ऊन. तलावावर पोचल्या तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती आणि विहिरीभोवती माणसांचं रिंगण पडलं होतं. बायकांच्या डोक्यावर रिकाम्या टोपल्या, पुरुषांच्या अंगावर मातीचे थर. पोहरा वर येत होता आणि ओंजळी पुढं होत होत्या.

पंचशीला गर्दीतून आत घुसली आणि तिनं पोहऱ्याचा दोर धरला. "हे पाणी पिऊ नका," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली.

तिच्या आजीनं गावच्या विहिरीचा दोर जन्मात कधी धरला नव्हता. कुणी वरून ओतलं तर ओंजळ पुढं करायची, एवढंच. हे पंचशीलेला त्या क्षणी आठवलं नाही. फार नंतर आठवलं.

मुकादम पुढं आला. "बाई, सरकारनं पाटी लावलीय. जागेवर प्या म्हून लिवलंय. तुमी कोण सांगणाऱ्या? वरून कागद आणा."

"तो कागद मीच टाईप केलाय. मी चुकले. सरकारनं पिऊ नका म्हून लिवलं होतं, मी एक अक्षर जास्तीचं घातलं आन् त्याचा अर्थ फिरला. तुमची माणसं माझ्यामुळं आजारी पडलीत."

रिंगणातले एकदमच सगळे बोलायला लागले. कुणी शिवी हासडली. कुणी म्हणालं, पाणी तोडायची युक्ती हाय ही, टँकरला न्यायचंय ह्येंना. तहानेनं माणसं चिडलेली होती आणि दुसरं पाणी तीन कोसांत नव्हतं.

एवढ्यात एक म्हातारी पुढं आली. सरजाबाई तिचं नाव. तिची सून तारामती सगळ्यांत जास्त आजारी होती, खोपटात सलाईन लावलेल्या तिघींतली एक. सरजाबाई पंचशीलेच्या अगदी समोर येऊन थांबली.

"तू लिवलंस?"

"हाव."

"आन् सांगायला तूच आलीस?"

"हाव, मावशी."

सरजाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गर्दीकडं वळून म्हणाली, "आरं, कोण येऊन सांगतंय का आपली चूक? ही सांगून राहिली तर खरंच आसंल. गप बसा." आणि पुन्हा पंचशीलेकडं, "मंग आता प्यायचं काय, ते सांग."

उत्तर शरणम्मानं दिलं. पाणी वाईट असलं तरी खळखळून उकळलं की पिता येतं, ती म्हणाली. मजुरांना मिळणाऱ्या पौष्टिक पिठाची सुकडी शिजवायच्या दोन मोठ्या कढया कामावर होत्याच. बायकांनी बाभळीचं वाळलेलं सरपण गोळा केलं, चुली पेटल्या. पंचशीलेनं पदर खोचला आणि पोहऱ्यानं पाणी ओढून कढया भरल्या. हातांना टाईपच्या अक्षरांची सवय होती, दोराची नव्हती. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात सोलून निघाले. उकळलेलं पाणी गार व्हायला वेळ लागायचा आणि माणसं तेवढा वेळ कढईभोवती उकिडवी बसून राहायची. कोमट पाणी पिताना तोंडं वाकडी करायची, पण प्यायची. पाटीवर मुकादमानं चुन्याचा हात फिरवला.

दिवस मावळायच्या आत ती कचेरीत परतली. भाऊसाहेब कंधारहून आले होते. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांची सुपारी तोंडातच राहिली.

त्यांनी जांभळा कागद डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, हा कागद लई पुसट हाय. आर दिसलाच न्हाई, का दिसल्यासारखा वाटला, कुणी सांगू शकत न्हाई. नवीन प्रत लावू, नवा हुकूम काढू. तुमची नोकरी तात्पुरती. हे बाहेर आलं तर उद्याच घरी बसवतील. बापानं ओझी वाहून शिकवलंय तुमाला."

तो आधार खोटा नव्हता. भाऊसाहेबांना खरंच तिची काळजी होती, आणि हे तिला त्याही क्षणी कळलं.

"भाऊसाहेब, चारशे माणसासमोर मी माझं नाव घेऊन आले," ती म्हणाली. "आता कागदावर दुसरं कसं लिवू?"

मशीन इंग्रजी, म्हणून ती टाक घेऊन टेबलाशी बसली. सोललेल्या बोटांनी तिनं एका पानाचा खुलासा मराठीत लिहिला. मूळ शब्द काय होता, आपण काय केला, त्याचा अर्थ काय झाला, किती माणसं आजारी पडली. खाली नाव, पंचशीला नरसिंग सोनकांबळे. टाक खाली ठेवला तसा भाऊसाहेबांनी तो कागद तिच्यापुढून ओढून घेतला. तिला वाटलं, फाडणार. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि तिच्या नावाखाली लिहिलं, मराठी तर्जुमा मी केला, अर्थ माहीत नसताना विचारणा केली नाही, सबब निम्मी चूक माझी. अमृतराव, अव्वल कारकून.

"पंचवीस वर्षं अंदाजानं इंग्रजी वाचून राहिलोय," ते म्हणाले. "कुणाला विचारायची लाज वाटायची. आज पयल्यांदा कबूल केलं. बरं वाटलं बगा."

साहेब दुसऱ्या दिवशी आले. खुलासा दोनदा वाचला. दोघांनाही लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांनी मान खाली घालून घेतली. पंचशीलेनं पेटी बंद करून कडी लावली, आता नांदेडची एस.टी. धरायची म्हणून. साहेब म्हणाले, "कुठं निघालात? नवा हुकूम टाईप करायचाय. आणि यापुढं पाण्याचा, औषधाचा कुठलाही कागद शरणम्माबाईंनी वाचल्याशिवाय मराठीत जाणार नाही, असाही एक हुकूम काढा." तिनं पेटी पुन्हा उघडली. पहिली ओळ टाईप करताना तिला समोरचं धड दिसत नव्हतं.

एकोणीसच्या एकोणीस माणसं उठली. तारामतीला चार दिवस लागले. रोज काम संपलं की पंचशीला खोपटात जाऊन तिच्याजवळ बसायची, चमच्या-चमच्यानं पाणी पाजायची. तिसऱ्या दिवशी तारामतीनं डोळे उघडून सासूला विचारलं, "ही कोण?" सरजाबाई म्हणाली, "कचेरीतली बाई हाय. लई शिकलेली." त्यात टोमणा होता का कौतुक, पंचशीलेला कधी कळलं नाही. पण काम संपून माणसं गावोगाव पांगली त्या दिवशी सरजाबाई वाकडी वाट करून कचेरीत आली आणि पदराच्या गाठीतून मूठभर सुकडी तिच्या टेबलावर ठेवून गेली. एवढ्या उपाशी वर्षात कुणी कुणाला मूठभर काही देणं म्हणजे काय, हे ज्यानं ते वर्ष बघितलंय त्यालाच समजेल.

सुट्टीला नांदेडला गेल्यावर पंचशीला आधी वजिराबादच्या माडीवर गेली. गुरुपादप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, तुमी सांगितलं होतं अर्थात शिरायचं न्हाई. मी शिरले," ती म्हणाली.

गुरुपादप्पांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. "न्हाई, तुझं अर्धंच चुकलं," ते म्हणाले. "तू अर्थात शिरली, पर दार न वाजवता. आन् माझं पुरतं चुकलं. अर्थात जाऊच नका म्हून मी पोरांना शिकवत बसलो. जायला पायजे. पर विचारून जायला पायजे." त्यांनी कपाटावरून पुठ्ठा सुटलेला इंग्रजी शब्दकोश काढला, ते स्वतः टायपिंग शिकत होते त्या दिवसांतला, आणि तिच्या हातात ठेवला. पुढच्या सोमवारपासून क्लासमध्ये रोज दहा मिनिटं शब्दांचे अर्थ सुरू झाले. सारख्या दिसणाऱ्या शब्दांची पहिली जोडी कुठली होती, हे सांगायला नको.

पुढं पंचशीला कायम झाली. लग्न झालं, नवरा ज्ञानोबा अहमदपूरला शाळेत मास्तर. ब्याऐंशी सालच्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. नवऱ्याच्या जवळ राहता येईल म्हणून तिनं लातूर मागून घेतलं. पहिले काही महिने टेबलं कमी आणि कागद जास्त अशी अवस्था होती. मिसली गोणपाटाच्या पोत्यांतून आल्या होत्या, तिघी टायपिस्टांत एक मशीन होतं, आणि लेटरहेडवरचा जुना जिल्हा हातानं खोडून नवा लिहावा लागे. पण माणसं उत्साहात होती. आपलं काहीतरी नवं उभं राहतंय असं शिपायापासून सगळ्यांनाच वाटत होतं.

त्याच वर्षी गावोगाव बोअर घेऊन हातपंप बसवायचं काम निघालं. शिवमूर्ती नावाचा निलंग्याचा तरुण इंजिनियर बेचाळीस पानांचा आराखडा टायपिंगला घेऊन आला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत योजनेचं नाव होतं आणि त्यात पोर्टेबल वॉटर असं लिहिलं होतं.

पंचशीलेनं कागद मशीनवर चढवला नाही. उठून त्याच्या टेबलाशी गेली.

"साहेब, एक विचारायचं होतं. हे पाणी वाहून न्यायचंय का प्यायचंय?"

त्यानं आधी भुवया उंचावल्या. मग कागद बघितला, मग कान लाल झाले. "बाई, इंजिनियरिंगला चार वर्षं काढली मी," तो म्हणाला आणि हसायला लागला. दोघांनी बसून बेचाळीस पानं वाचली, तेव्हा तोच आर आणखी दोन ठिकाणी सापडला. वाचताना तिनं त्याला सावळबोरीचं सगळं सांगितलं, अगदी पाटीसकट.

"हे तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"नव्या माणसाला सांगते."

"कशाला पण? लपवलं असतं तर आता कुणाला कळणार होतं?"

पंचशीलेनं पानं जुळवून टाचणी लावली. "साहेब, मी चुकले तेव्हा एका बाईनं मला गाडीत बसवून नेलं. एका म्हातारीनं माझ्यावर विश्वास ठेवला. भाऊसाहेबांनी माझ्या नावाखाली आपलं नाव लिवलं. आन् साहेबांनी मला परत मशीनवर बसवलं. असं सगळ्यांच्या वाट्याला येत न्हाई. माझ्या वाट्याला आलं. ते लपवलं तर ही माणसंबी लपतील."

भाऊसाहेब तोवर सेवानिवृत्त होऊन उदगीरला राहत होते. उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात पडलं ह्याचा त्यांना कोण आनंद झाला होता, जणू पंचशीलेची बदली त्यांच्याच अंगणात झाली. वर्षातून एखादा रविवार ती एस.टी.नं त्यांच्याकडं जायची. बायको कमलम्मा ओसरीवर पाट मांडायची, ज्वारीची भाकर आणि शेंगांची चटणी वाढायची. भाऊसाहेबांनी इंग्रजी पेपरावर पेन्सिलीनं खुणा करून ठेवलेल्या असत. हा शब्द काय, आन् ह्या दोघांत फरक काय? ज्या माणसानं पंचवीस वर्षं कुणाला विचारलं नाही, तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा.

शेवटी शेवटी त्यांची दृष्टी अधू झाली. एका उन्हाळ्यात ती गेली तेव्हा त्यांनी खिडकीतली डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक लहान बाटली तिच्यापुढं धरली. "डागदरानं नवीन दिलीय. सकाळपासून तुमची वाट बघून राहिलोय. काय लिवलंय ते वाचून सांगा बरं."

पंचशीलेनं चष्मा लावला. बाटलीवरच्या बारीक इंग्रजी ओळी तिनं एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या. सगळं समजलं. एक शब्द मात्र तिला खात्रीचा वाटेना.

"भाऊसाहेब, आत्ता घालू नका. मी आलेच," ती म्हणाली, आणि बाटली मुठीत घेऊन, चप्पल पायात सरकवून, चौकातल्या औषधाच्या दुकानात विचारायला गेली.